लेकीचे घारे डोळे आणि सासूबाईंचा हिशेब

"बाई, सादर नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. नवरा क्रूझवर कामाला आहे, वर्षातले आठ महिने दर्यावर. आम्हाला आठ महिन्यांची मुलगी आहे. माझे डोळे काळे, ह्यांचेही काळे, पण पोरीचे घारे. बारशाला कुणी काही बोललं नाही. आता डोळे नीट दिसायला लागले तशी कुजबुज सुरू झाली. सासूबाई माझ्या तोंडावर काही म्हणत नाहीत, पण शेजारणीला सांगताना मी ऐकलं, 'अशे दोळे आमच्या घरांत कोणाचेच नात.' एक काकी तर हसत हसत 'फिरंगी आला गो घरात' म्हणाली. माझी आई सांगते की तिच्या आजीचे, म्हणजे माझ्या पणजीचे, डोळे घारे होते. पण आजीचे नव्हते, आईचे नाहीत, माझे नाहीत. मग एकदम पोरीत कुठून आले? पुतण्याचं बारावीचं बायोलॉजीचं पुस्तक उघडून बघितलं. जीन, ॲलील, डॉमिनंट, रिसेसिव्ह, एक्स्प्रेशन... डोकंच फिरलं. जाऊबाई म्हणतात, डीएनए टेस्ट कर आणि सगळ्यांची तोंडं बंद कर. करू का? ह्यांनी अजून काही विचारलेलं नाही. चवथीला घरी येतील.
एक आई, डिचोली"

बाय, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. टेस्ट करू नकोस. कुणाची तोंडं बंद करण्यासाठी तर मुळीच नको. काळ्या डोळ्यांच्या आईबापांना घाऱ्या डोळ्यांचं मूल होणं हे नवल नाही. मी तीस वर्षं बायोलॉजी शिकवलं. हा धडा झाला की दर वर्षी एखादी तरी मुलगी तास संपल्यावर टेबलाशी घुटमळायची. "टीचर, माझा भाऊ घारा आहे, पण पप्पा-मम्मी नाहीत..." पुढचं वाक्य ती गिळून टाकायची. त्यामुळे तुझं पत्र वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. राग आला, तो तुझ्या काकीचा. फिरंग्याचं मागाहून बघू.

आधी तुझ्या परसात चल. मानकुराद आंबा खाल्ला, बाठा तिथेच टाकला, पावसात तो रुजला आणि वाढला. त्या झाडाला मानकुरादच लागेल अशी हमी गोव्यातला एकही भाटकार, म्हणजे बागायतीचा मालक, देणार नाही. कधी आंबट निघतो, कधी नुसत्या रेषा. म्हणून तर आपण कलमं बांधतो. कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी, सगळा ऐवज जसाच्या तसा. बाठ्याचं तसं नाही. अर्धा ऐवज आईझाडाचा, अर्धा वाऱ्याने किंवा माशीने कुठून तरी आणलेल्या परागाचा, आणि दोन्ही पत्ते पिसून वाटावेत तसे वाटलेले. शिवाय तो आंबटपणा नेहमी बाहेरूनच येतो असंही नाही. गोड मानकुरादच्या पोटातसुद्धा तो दडलेला असू शकतो. माणसाची मुलं ही बाठ्याची झाडं आहेत आणि तुझ्या सासूबाई कलमाचा हिशेब मांडून बसल्या आहेत.

आता पुस्तकातले शब्द घेऊ. ते वाटतात तितके अवघड नाहीत, फक्त एकदम अंगावर येतात.

आपल्या पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो, 46 गुणसूत्रांमध्ये गुंडाळलेला. ही गुणसूत्रं 23 जोड्यांत असतात आणि प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक बापाकडून आलेलं असतं. जनुक, म्हणजेच जीन, हा त्या लांब धाग्यावरचा एक तुकडा. त्यात साधारणपणे एखादं प्रथिन कसं घडवायचं ते लिहिलेलं असतं. प्रथिनं घडवणारी अशी सुमारे 20,000 जनुकं माणसाकडे आहेत. एका संचातला सगळा मजकूर मोजला तर जवळपास 3 अब्ज अक्षरं होतात, आणि वर्णमाला मात्र चारच अक्षरांची.

ॲलील म्हणजे त्याच जनुकाची वेगळी आवृत्ती. मराठी पुस्तकात त्याला 'युग्मविकल्पी' म्हणतात. म्हणून बघ, जीभ अडखळेल. मी वर्गात 'आवृत्ती'च म्हणायची. लोक बोलताना "त्याच्याकडे घाऱ्या डोळ्यांचं जीन आहे" असं म्हणतात तिथेच घोटाळा होतो. डोळ्यांच्या रंगाची जनुकं तुझ्याकडेही आहेत, सासूबाईंकडेही आहेत, त्या काकीकडेही आहेत. कुणाच्या मजकुरात एखादं अक्षर निराळं, एवढाच फरक. आणि प्रत्येक जनुक आपल्याकडे जोडीने असल्यामुळे आवृत्त्याही दोन: कधी दोन्ही सारख्या, कधी दोन वेगळ्या.

तुझ्याकडे कुठल्या दोन आवृत्त्या आहेत, त्याला जीनोटाइप म्हणायचं. आरशात काय दिसतं, ते फीनोटाइप. हे दोन्ही शब्द 1909 साली डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सनने घडवले. 'जीन' हा शब्दही त्याचाच. असणं आणि दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं सांगण्यासाठी त्या माणसाला दोन नवे शब्द पाडावे लागले. तुझ्या घरात तर हे न बोलताच समजायला हवं होतं, पण असो.

दिसत नाही ते गेलं असं नसतं, हे दाखवून दिलं ग्रेगोर मेंडेलने. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या मठातला हा साधू, आणि त्याने हाताशी धरले ते वाटाणे. तेच, जे आपण सकाळी पातळभाजीत पावाबरोबर खातो. गोल दाण्याचा वाण आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाण यांचा त्याने संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती जणू कधी नव्हतीच. मग त्याच रोपांना आपल्याच परागावर फळू दिलं आणि दाणे मोजायला बसला. 7324 दाण्यांत 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले. तिनास एक. एक पिढी गडप झालेली सुरकुती जशीच्या तशी परत आली, थोडीही सपाट न होता. 1866 साली हे छापून आलं आणि 1900 सालापर्यंत जवळपास कुणीच त्याकडे लक्ष दिलं नाही. मेंडेल 1884 मध्येच गेला होता.

एका आवृत्तीनेच जी दिसते ती प्रभावी, म्हणजे डॉमिनंट. जिला दिसायला दोन्हीकडून तीच आवृत्ती यावी लागते ती अप्रभावी, म्हणजे रिसेसिव्ह. हे मराठी शब्द मला कधीच आवडले नाहीत. 'अप्रभावी' म्हटलं की पोरांना वाटतं ही आवृत्ती दुबळी, प्रभावी आवृत्तीने तिला दाबून ठेवलंय, घरातल्या मोठ्या सुनेने धाकटीला ठेवावं तशी. तसं काही नसतं. वाटाण्याच्या सुरकुतीचं मूळ 1990 साली इंग्लंडमध्ये नॉरिचच्या जॉन इन्स संस्थेत सापडलं. पिठूळ पदार्थ, म्हणजे स्टार्च, नीट फांद्या फोडून बांधणारं एक प्रथिन असतं. सुरकुत्या वाणात त्याच्या जनुकात मध्येच सुमारे 800 अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे ते प्रथिन कामाचं होत नाही. मग दाण्यात साखर जास्त उरते, साखरेमुळे पाणी जास्त धरलं जातं, आणि वाळला की दाणा आकसतो. जोडीतली एक आवृत्ती धड असली तरी तेवढ्या प्रथिनावर दाणा गोल राहतो. म्हणजे कुणी कुणाला दाबलेलं नाही. एकीचं काम दोघींना पुरतंय, इतकंच. बाजारातल्या हिरव्या मटाराची गोडी आपण हौसेने खातो ती बहुतेक वेळा याच 'बिघडलेल्या' आवृत्तीची.

आता तुझी पणजी. (राजधानी नव्हे, आईची आजी.) समजण्यापुरतं धरू की घारा रंग एकाच अप्रभावी आवृत्तीमुळे येतो. तसं असेल तर पणजीकडे ती दोन्हीकडून असणार, आणि तिच्या प्रत्येक मुलाला एक मिळणारच. म्हणजे तुझी आजी वाहक: अंगात आहे, डोळ्यांत नाही. आजीकडून तुझ्या आईला मिळण्याची शक्यता निम्मी. आईकडून तुला, पुन्हा निम्म्यातली निम्मी. पिढीगणिक आशा अर्धी होत जाते, पण शून्य कधी होत नाही. आणि हा हिशेब उलटाही मांडता येतो. लेकीच्या डोळ्यांत रंग दिसला, म्हणजे बहुधा ती आवृत्ती वाटेत कुठे गळली नव्हती. तीन बायकांनी ती न दिसता, न कळता सांभाळली.

आणि हे सासूबाईंना आवडणार नाही, पण शुद्ध अप्रभावी गुण असेल तर एक आवृत्ती बापाकडूनही यावी लागते. म्हणजे त्यांच्याच लेकाकडून, आणि त्याच्याकडे ती आली त्याच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून. यात नवल काहीच नाही. पिढ्यान्पिढ्या आपल्या सोयरिकी पाच-पंचवीस गावांत, त्याच समाजात, त्याच देवळांच्या महाजनांत होत आल्या. गोत्र वेगळं बघितलं म्हणून चार-सहा पिढ्यांमागचे सगळे पूर्वज वेगळे होतात असं नाही. दोन्ही घरांत तीच आवृत्ती मुक्कामाला असणं अगदी शक्य आहे.

दोघेही वाहक असाल तर प्रत्येक मुलाला घारे डोळे येण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक बाळंतपणी नव्याने, हेही लक्षात ठेव. "पहिली घारी झाली, आता पुढची तीन काळ्या डोळ्यांची" असला पाढा निसर्गाला येत नाही.

इथवर मी तुला शाळेतलं गणित सांगितलं. डोळ्यांची खरी गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला विचारशील तर जास्त देखणीही. तुझ्या पुस्तकातला एक्स्प्रेशन हा शब्द इथे लागतो.

सासरच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढायला कधी गेली आहेस का? मूळ नोंद कचेरीतच राहते. आपण अर्ज करतो, नक्कल मिळते, आणि बँक असो की वकील, पुढची कामं त्या नकलेवर होतात. पेशीचंही असंच आहे. मूळ डीएनए केंद्रकाच्या बाहेर पडत नाही. ज्या जनुकाचं काम निघेल त्याची नक्कल निघते, आरएनएच्या रूपात. या पायरीला प्रतिलेखन म्हणतात. नक्कल केंद्रकाबाहेर येते. तिथे रायबोझोम नावाचे कारागीर तिची अक्षरं तीन-तीनच्या गटांनी वाचतात आणि दर गटामागे एक अमिनो आम्ल ओवत माळ करतात. ही पायरी भाषांतरण. माळ वळून, दुमडून आकाराला आली की प्रथिन तयार. जनुकातलं लिखाण असं प्रत्यक्ष कामाला लागणं म्हणजे एक्स्प्रेशन, मराठीत जनुकाची अभिव्यक्ती.

सगळी गंमत अर्जात आहे. तुझ्या यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत मूळ नोंदवही एकच. पण डोळ्यात रंगाच्या नकला निघतात, यकृतात निघत नाहीत, कारण तिथून अर्जच जात नाही. नोंद कपाटात पडून राहते. खोटी ठरत नाही, हरवत नाही, फक्त वाचली जात नाही.

याचं उदाहरण लांब शोधायला नको, तुझ्या मांडीवरच आहे. पोटात असताना तुझ्या लेकीच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन होतं. नाळेतून, तुझ्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायचा म्हणजे पकड जास्त घट्ट हवी. त्यासाठी गॅमा नावाच्या साखळीचं जनुक चालू होतं. जन्मानंतर ते हळूहळू मिटत गेलं, त्याच्या जागी बीटा साखळीचं जनुक जोरात आलं, आणि सहा महिन्यांच्या आसपास बदली जवळजवळ पूर्ण झाली. तू तिला पहिली पेज भरवत होतीस त्या दिवसांत तिच्या अंगात हे चाललं होतं. गॅमाचं जनुक कुठे गेलं नाही, आयुष्यभर तिथेच मिटून राहणार. थॅलसेमिया आणि सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांच्या रुग्णांसाठी तेच मिटलेलं जनुक पुन्हा उघडणाऱ्या एका उपचाराला 2023 साली ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली; अमेरिकेत सिकलसेलसाठी त्याच वर्षी, थॅलसेमियासाठी 2024 च्या जानेवारीत. त्यात बीटा साखळीचं बिघडलेलं जनुक दुरुस्त करत नाहीत, गॅमाला मिटून ठेवणाऱ्या यंत्रणेचं बटण तेवढं निकामी करतात.

बटणावरून डोळ्यांकडे येते. डोळ्याच्या बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य असतं. भरपूर असलं की डोळे काळे दिसतात, खूप कमी असलं की निळे, मधल्या प्रमाणात घारे. निळं रंगद्रव्य डोळ्यात नसतंच. ती प्रकाश विखुरल्यामुळे दिसणारी निळाई. हे मेलॅनिन तयार होण्यासाठी लागणारं एक प्रथिन ओसीए-2 नावाच्या जनुकात लिहिलेलं आहे, 15 व्या गुणसूत्रावर. तर घाऱ्या-निळ्या डोळ्यांच्या माणसांत हे जनुक बिघडलेलं असणार, असं कुणालाही वाटेल. 2008 साली कोपनहेगनमध्ये हान्स आयबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या डोळ्यांच्या माणसांत शोध घेतला तेव्हा फरक सापडला तो शेजारच्या घरात. हर्क-2 नावाचं दुसरंच जनुक, आणि त्याच्या आत एका ठिकाणी एक अक्षर बदललेलं. ती जागा म्हणजे ओसीए-2 चं बटण. आपल्या बल्कांवातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीतल्या, दिव्याचं बटण शेजाऱ्याच्या भिंतीत असावं तसं. दिवा शाबूत, तार शाबूत, पण बटण अर्धवट दाबलेलं, म्हणून उजेड मंद. मजकुरात चूक नाही, नकला कमी निघतात.

म्हणून तुझ्या लेकीत काही 'कमी' आहे असं कुणी म्हटलं तर ते साफ चूक. तिच्या अंगात रंगाची नोंद बहुधा तुझ्याइतकीच पूर्ण आहे. डोळ्यात ती जरा जपून वाचली जाते.

आणि हे एकच बटण नाही. डोळ्यांच्या रंगावर इतरही अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो. म्हणून घाऱ्यात इतक्या छटा: मधासारखा, हिरवट, राखी. म्हणूनच मघाचं चारात एकचं गणित डोळ्यांना तंतोतंत लागू पडत नाही. दिशा बरोबर, आकडा कच्चा. क्वचित दोन निळ्या डोळ्यांच्या आईबापांनाही तपकिरी डोळ्यांचं मूल होतं. डोळ्यांच्या रंगावरून बाप ठरवणं शास्त्रात बसत नाही, ते काकीलाच जमतं.

आता रक्तगटाचंही बोलून टाकते, कारण डोळ्यांवरून काही निघालं नाही की मंडळी तिकडे वळतात. आई O, बाप O आणि मूल A, असं झालं तर पुस्तक 'अशक्य' म्हणतं. पण 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निराळाच रक्तगट नोंदवला, आज जगभर तो 'बॉम्बे' गट म्हणून ओळखला जातो. A किंवा B ची खूण पेशीवर चढायला खाली एच नावाचा पाया लागतो. काही मोजक्या माणसांत पाया घालणाऱ्या जनुकाच्या दोन्ही आवृत्त्या निकामी असतात. अशा माणसाकडे A चं जनुक धडधाकट असलं तरी खूण चढवायला जागाच नाही, म्हणून साध्या तपासणीत तो O दिसतो. त्याच्या मुलाला जोडीदाराकडून पाया मिळाला की इतकी वर्षं न दिसलेला A उघड होतो. हा गट फार दुर्मीळ आहे, त्यामुळे घरोघरी त्याची शंका घ्यायचं कारण नाही. (या गटाच्या माणसाला साधं O रक्तही चालत नाही, त्याच गटाचं लागतं.) पण कागदावरच्या एका अक्षरावरून बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्यांनी हा किस्सा जरूर वाचावा.

फिरंग्याचं राहिलं. पोर्तुगीज 1510 ते 1961, म्हणजे 451 वर्षं इथे होते, त्यामुळे गोव्यात काहीही जरा वेगळं दिसलं की त्यांच्या नावावर खपतं. सावंतवाडीपासून कारवारपर्यंत कुठल्याही देवळाच्या जत्रेत तासभर उभी राहा. घारे डोळे सगळ्या जातींत, सगळ्या वाड्यांवर भेटतील. आपल्या भाषेत 'घारा', 'घारी' हे शब्द रोजच्या वापरात आहेत ते काही क्रूझवरून आले नाहीत.

डॉक्टरांकडे कधी जायचं, तेही सांगते. आठव्या महिन्यात डोळ्यांचा रंग कायमचा ठरलेला नसतो. मेलॅनिन साठत जाऊन वर्ष-दोन वर्षांत तो गडद होऊ शकतो. पण बाळाची त्वचा आणि केसही घरातल्यांपेक्षा फारच फिके असतील, उजेडात ती डोळे मिटून घेत असेल, किंवा बुबुळं सतत थरथरत असतील, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव. दोन डोळ्यांचे रंग वेगवेगळे असतील किंवा हाकेला ती वळत नसेल, तर कानही तपासून घे. तुझ्या पत्रावरून यातलं काही वाटत नाही. आणि वाहक असण्याचं गणित खरोखर कामाला यायचं असेल तर ते थॅलसेमियाच्या बाबतीत. दोघेही वाहक असले की चारात एक मूल गंभीर आजारी होऊ शकतं, आणि वाहकाला स्वतःला बहुधा पत्ताही नसतो. दुसऱ्या मुलाचा विचार कराल तेव्हा दोघांची ती रक्ततपासणी आधी करून घ्या. पैसे घालवायचेच तर तिथे घाला.

डीएनए टेस्ट का नको, तेही सांगते. टेस्ट खोटं बोलेल म्हणून नाही. तुझ्या नवऱ्याने काही विचारलेलं नाही. त्याने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तू लॅबच्या शिक्क्यासकट त्याच्यापुढे ठेवलंस, तर प्रश्न योग्य होता हे तूच कबूल केल्यासारखं होईल. आणि कुजबुजणारी माणसं रिपोर्ट वाचून गप्प बसत नाहीत, "रिपोर्ट काय, पैसे दिले की मिळतो" म्हणतात. कोर्टसुद्धा मुलाच्या डीएनए तपासणीचा हुकूम सहजासहजी देत नाही, मुलाचं हित आधी बघतं. घरातल्या काकीला तेवढा अधिकार कशाला द्यायचा? पुढे कधी तुम्हा दोघांनाच, दोघांच्या मर्जीने, करावीशी वाटली तर ती गोष्ट वेगळी.

नवऱ्याला मात्र चवथीपर्यंत अंधारात ठेवू नकोस. आज ना उद्या त्याला फोनवर कुणीतरी सांगेलच, आणि ते तिखटमीठ लावून. त्याआधी तू सांग. रडत नको, भांडत नको. "तुझ्या लेकीचे डोळे माझ्या पणजीवर गेलेत, आणि आई काय म्हणतात ते ऐक" इतकं पुरे. व्हिडिओ कॉलवर तिला उन्हात धर, त्यालाही नीट दिसू देत.

सासूबाईंशी जनुकांवर वाद घालायला जाऊ नकोस. ओसीए-2 आणि हर्क-2 ऐकवलंस तर "शिकलेली सून उलट बोलते" एवढंच त्यांना ऐकू येईल. त्यांच्याजवळ बसून, टोमणा न मारता, त्यांच्या माहेरचं विचार. आई कशी होती, मामा कसे दिसायचे, कुणी गोरं-घारं होतं का. म्हाताऱ्या बायकांना माहेरचं कुणी विचारतच नाही. "आमच्या घरांत" म्हणताना त्या नवऱ्याचंच घर मोजतात, स्वतःचं माहेर हिशेबात धरत नाहीत. लेकाला मिळालेला अर्धा ऐवज त्यांच्या माहेरून आलाय, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नसेल.

चवथीला मूळ घरी सगळे जमतील. गणपतीवर माटोळी, म्हणजे फळा-पानांचं छत, बांधायला पुरुष मंडळी स्टुलावर चढली की तू एक वही काढ. पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी गोल. नवरा-बायको आडव्या रेघेने जोडायचे, त्यांची मुलं खाली उभ्या रेघेने. ज्यांचे डोळे घारे, ती खूण पेन्सिलीने भरायची. जे वाहक असणारच असं हिशेबाने निघतं, ती अर्धी. आनुवंशिकीचे डॉक्टर घराण्याचा तक्ता असाच मांडतात. दोन्ही बाजू मांड, तुझी माहेरची आणि सासरची, निदान चार पिढ्या. जुन्या फोटोंवर फार विसंबू नकोस, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये घारा डोळा नुसता फिका दिसतो. त्यापेक्षा पणजीला प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी म्हातारं माणूस गाठ. तक्ता झाला की मला फोटो पाठव. सासूबाईंच्या माहेरचा रकाना रिकामा ठेवू नकोस, मला तोच आधी बघायचा आहे.